नाळेवर रंगविलेला डोळा

'द थीफ ऑफ बगदाद' हा १९४० सालचा रंगीत इंग्रजी चित्रपट सुरू होतो तेव्हा पडद्यावर माणसाचा चेहरा येत नाही. बसऱ्याच्या बंदरात एक मोठे गलबत शिरते आणि त्याच्या नाळेवर रंगविलेला प्रचंड डोळा आपल्याकडे रोखून पाहत येतो. मग गलबताच्या मालकाचे, वजीर जाफरचे डोळे दिसतात. त्यानंतर भर बाजारात भीक मागणारा एक तरुण दिसतो. त्याची दृष्टी गेलेली आहे आणि त्याच्यासोबत एक कुत्रा आहे. चित्रपट पुरता सुरूही झालेला नसतो, तोवर डोळ्यांचे हे तीन प्रकार आपल्यासमोर मांडले जातात. या चित्रपटाविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे, आणि ते बहुतेक त्याच्या रंगांविषयी, उडत्या घोड्याविषयी व बाटलीतून निघणाऱ्या जिनाविषयी आहे. ते सारे कौतुक रास्तच आहे. परंतु ऐंशीहून अधिक वर्षे लोटली तरी ही चित्रे शिळी का झाली नाहीत, याचे उत्तर आम्हांस त्या नाळेवरच्या डोळ्यात दिसते.

ज्या वाचकांनी हा चित्रपट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगतो. बगदादचा तरुण राजा अहमद हा वजिराच्या सल्ल्याने वेषांतर करून प्रजेत हिंडतो आणि वजिराच्याच कपटाने तुरुंगात पडतो. तेथे त्याला अबू नावाचा पोरसवदा चोर भेटतो. दोघे पळून बसऱ्यास येतात. तेथील राजकन्येवर अहमदचे मन जडते. जाफरलाही तीच हवी असते. संतापलेला जाफर मंत्राने अहमदला आंधळा व अबूला कुत्रा करून टाकतो. पुढे शापातून सुटका, वादळ, जिन, देवीच्या मूर्तीच्या कपाळी असलेला सर्वदर्शी रत्ननेत्र, उडता गालिचा आणि दुष्टाचा नाश असा अरबी कथांचा सारा ऐवज येतो. कथा म्हणून यात नवे काही नाही. १९२४ साली याच नावाचा मूकपट डग्लस फेअरबँक्स यांनी गाजविला होता. १९९२ साली डिस्नेच्या 'अलादीन'ने वजिराचे नाव, अबूचे नाव आणि खेळण्यांत रमणारा सुलतान अशा कितीतरी गोष्टी याच चित्रपटाच्या पेटाऱ्यातून उचलल्या. आपल्या मुलांना अबू हे माकडाचे नाव वाटते ते त्यामुळेच.

हा चित्रपट घडला कसा, हीही एक गोष्टच आहे. निर्माते अलेक्झांडर कोर्डा हे मूळचे हंगेरीचे. इंग्लंडमध्ये डेनम येथे त्यांनी मोठा स्टुडिओ उभा केला होता आणि त्याच्या आवारात बगदाद शहर बांधले. श्रेयनामावलीत तीन दिग्दर्शकांची नावे आहेत : लुडविग बर्गर, मायकेल पॉवेल आणि टिम व्हीलन. खुद्द कोर्डा, त्यांचे बंधू झोल्टान आणि विल्यम कॅमेरॉन मेंझीस यांनीही दिग्दर्शनास हात लावला. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध पेटले आणि काम थांबले. कोर्डांनी सारी मंडळी एका युद्धप्रचाराच्या चित्रपटास जुंपली आणि नंतर 'बगदाद' अमेरिकेत नेऊन पुरा केला. म्हणूनच अरबस्तानची कथा चालू असता मध्येच अ‍ॅरिझोनातील ग्रँड कॅन्यनचे तांबडे कडे दिसू लागतात! १९४० च्या डिसेंबरात चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा लंडनवर बाँब पडत होते. पुढच्या वर्षी त्याला तीन ऑस्कर पारितोषिके मिळाली : रंगीत छायाचित्रणाबद्दल जॉर्ज पेरिनाल यांना, कलादिग्दर्शनाबद्दल कोर्डांचे दुसरे बंधू व्हिन्सेंट यांना, आणि विशेष दृश्यांबद्दल लॉरेन्स बटलर व जॅक व्हिटनी यांना.

सहा जणांनी ढवळलेला रस्सा सहसा बिघडतो. येथेही काही ठिकाणी तो बिघडला आहे. अहमद आणि राजकन्या यांच्या प्रेमप्रसंगांत जॉन जस्टिन व जून ड्यूप्रे हे दोघे देखणे दिसतात, याहून अधिक काही सांगता येत नाही. राक्षसी कोळ्याशी अबूची झुंज आज पाहताना कोळ्याचीच कीव येते. तरीही चित्रपट एकसंध वाटतो, आणि तो दिग्दर्शकांमुळे नव्हे, तर रंग आणि वास्तू यांच्यामुळे. व्हिन्सेंट कोर्डा मुळात चित्रकार होते. त्यांचे बगदाद निळे-पांढरे आहे, तर बसरा गुलाबी. या दोन शहरांतून काळ्या वस्त्रांतील जाफर चालत जातो, तेव्हा धुतलेल्या कापडावर शाईचा डाग सरकावा तसा तो दिसतो. कोणी दुष्ट आहे हे सांगण्यास एकाही संवादाची गरज पडत नाही.

त्या काळच्या टेक्निकलर कॅमेऱ्यात लोलकाच्या साहाय्याने प्रकाश विभागून एकाच वेळी तीन फिल्मपट्ट्यांवर चित्र घेतले जाई, आणि नंतर तीन रंग एकावर एक छापून अंतिम प्रत तयार होई. आपल्याकडच्या जुन्या छापखान्यात रंगीत कॅलेंडरवरचे पवित्र कुटुंबाचे चित्र रंगागणिक ठसे देऊन छापीत, त्याच जातीची ही क्रिया. तिच्यातून येणारे रंग निसर्गातल्यासारखे नसतात. ते काचचित्रांतल्यासारखे, आतून उजळलेले असतात. शहरांचे उंच मनोरे आणि दूरचे डोंगर यांपैकी बरेच काही पर्सी डे या कारागिराने हाताने रंगविलेले होते. माणूस आकाशात उडवायचा तर त्याला निळ्या पडद्यापुढे उभे करून चित्रण करावयाचे आणि मग निळा भाग वगळून त्या जागी आकाश बसवावयाचे, ही युक्ती बटलर यांनी येथे रंगीत चित्रणात यशस्वी करून दाखविली. आज दूरदर्शन संचावर हवामानाचे वृत्त देणारी व्यक्ती नकाशापुढे उभी असते, तिचे मूळ या गालिच्याशी जाऊन भिडते.

या जोडकामाचे सांधे दिसतात. उडणाऱ्या आकृतीच्या कडेने निळसर रेघ थरथरते. आमच्या धर्मग्रामातील मुलांनी सभागृहात हा चित्रपट पाहिला तेव्हा त्यांना ती रेघ तत्काळ दिसली आणि खसखस पिकली. परंतु बाटलीतून काळा धूर निघून त्याचा जिन झाला, समुद्रकिनाऱ्यावर इवलासा अबू आणि त्याच्यावर उगारलेले ते अवाढव्य पाऊल दिसले, तेव्हा हीच मुले गप्प झाली. आजच्या संगणकीय चित्रपटांत रेघ दिसत नाही, सांधा सापडत नाही, आणि मुलेही गप्प होत नाहीत. याचे कारण आम्हांस असे दिसते, की येथे प्रत्येक आश्चर्याकडे पाहणारा कोणीतरी चित्रात हजर असतो. जिन एवढा मोठा का वाटतो? कारण अबूची मान मागे कलंडलेली असते. बसऱ्याचा सुलतान यांत्रिक घोड्यावर बसून उडतो, तेव्हा घोड्यापेक्षा त्याच्या चेहऱ्यावरचा बालिश आनंद अधिक पाहण्याजोगा असतो. माइल्स मॅलसन यांनी ही भूमिका केली आणि चित्रपटाचे संवादही त्यांनीच लिहिले. त्या खेळण्यासाठी हा बाप आपली मुलगी जाफरला देऊ करतो, आणि तोच बालिश चेहरा आपल्याला एकाएकी भयंकर वाटू लागतो.

येथे आपण पुन्हा डोळ्याकडे येतो. राजकन्या रस्त्याने जाते तेव्हा तिच्याकडे कोणी पाहावयाचे नाही. पाहील त्याला मृत्युदंड. भरलेला बाजार क्षणात रिकामा होतो. लपून बसलेला अहमद पाहतो. तिची दुसरी भेट महालातील तळ्याकाठी होते. तो झाडावर असतो आणि तिला पाण्यात त्याचे प्रतिबिंब तेवढे दिसते. तळ्यात कोणी जिन राहत असावा असे तिला वाटते आणि ती पाण्याशीच बोलू लागते. दोन माणसांची ओळख इतक्या हळुवारपणे पडद्यावर क्वचितच झाली असेल. पाहण्याचे दोन मार्ग चित्रपटाने येथे शेजारी ठेवले आहेत. एक सत्तेचा, जो इतरांचे डोळे मिटवितो. दुसरा नम्रतेचा, जो पाण्यातल्या छायेवरही समाधान मानतो.

जाफरची भूमिका कॉनराड फाईट या जर्मन नटाने केली आहे. १९२० सालच्या 'कॅलिगारी'तील झोपेत चालणारा तो हाच. त्याची पत्नी ज्यू होती आणि हिटलर सत्तेवर आल्यावर त्याने मायदेश सोडला. जाफर मोहिनी घालू लागला की छायाचित्रकार बाकीचा चेहरा अंधारात ठेवून त्याच्या डोळ्यांवर तेवढी प्रकाशाची पट्टी टाकतो. आमच्या पिढीतील रसिकांस येथे प्रभातचा 'अमृतमंथन' आठवल्यावाचून राहणार नाही. १९३४ सालच्या त्या चित्रपटाच्या हिंदी आवृत्तीत व्ही. शांताराम यांनी चंद्रमोहन यांचा एकच डोळा पडदाभर दाखवून प्रेक्षकांचा थरकाप उडविला होता. पुण्यातला तो डोळा बगदादच्या आधी सहा वर्षे आलेला आहे. त्या डोळ्याचा धनी राजगुरू होता, धर्माचा अधिकारी होता, ही गोष्ट आमच्यासारख्यांनी विशेष लक्षात ठेवण्याजोगी!

परंतु जाफर निव्वळ खलनायक नाही, आणि यातच चित्रपटाचे मर्म आहे. गलबतावर राजकन्या त्याच्या पूर्ण ताब्यात असते. नजरेने तिला वश करणे त्याला सहज शक्य आहे. तो तसे करू लागतोही. आणि थांबतो. मंत्राने मिळेल ते त्याला नको आहे. तिने आपण होऊन प्रेम करावे असे त्याला वाटते. त्या क्षणी फाईटच्या चेहऱ्यावर जी हतबलता येते ती पाहून आम्हांस त्याची दया आली, हे सांगण्यास संकोच वाटत नाही. सेमिनरीत आम्हांस मनुष्याच्या इच्छास्वातंत्र्यावर ग्रंथ अभ्यासावे लागत. परमेश्वर सर्वशक्तिमान असूनही आमच्याकडून प्रेम बळाने का घेत नाही, हा प्रश्न तेथे अनेक व्याख्यानांत चर्चिला जाई. येथे एक जादूगार तोच प्रश्न दोन मिनिटांत, चुकीच्या बाजूने उभा राहून, आपल्यासमोर ठेवतो. फरक एवढाच की जाफरला थांबणे झेपत नाही. पुढे तो विस्मरणाचे निळे गुलाब तिच्या हाती देतो आणि ज्या स्मृतीमुळे तिचा नकार आहे ती स्मृतीच पुसून टाकतो.

त्याच गलबतावर आणखी एक गोष्ट घडते. अहमदची दृष्टी कशाने परत येईल, असे ती विचारते. मी तुला मिठीत घेईन तेव्हा, असे जाफर सांगतो. ती स्वतःला त्याच्या स्वाधीन करते, आणि त्याच क्षणी दूर बंदरावर अहमदला दिसू लागते. शुभवर्तमानातील आंधळ्या बार्तीमयाला दृष्टी मिळाली तेव्हा कोणी काय किंमत मोजली हे आपण सहसा विचारीत नाही. यरुशलेमची वाट तेथून जवळच होती, एवढे फक्त ध्यानात येते. चित्रपटकर्त्यांच्या मनात हा संबंध असेल असे आम्ही म्हणणार नाही. पण ज्याने तो उतारा अनेकदा वाचून दाखविला आहे त्याला तो दिसल्याखेरीज राहत नाही.

मग येतो सर्वदर्शी नेत्र. जगातील सर्वांत उंच पर्वतावरच्या मंदिरात, देवीच्या मूर्तीच्या कपाळी तो जडविलेला असतो आणि अबू तो काढून आणतो. या भागाबद्दल आमचा आक्षेप स्पष्ट नोंदवितो. कोणाच्या देवमूर्तीचा डोळा उपटणे हा गमतीचा प्रसंग होऊ शकत नाही. आमच्या मातेच्या मूर्तीबाबत कोणी असे केले तर आम्हांस काय वाटेल? पूर्वेकडील सर्व धर्मांचे एकच गाठोडे बांधून त्यातून हवे ते काढावयाचे, ही त्या काळच्या युरोपीय मनाची सवय येथे उघडी पडते. सुलतानाचा जीव घेणारी सहा हातांची रुपेरी यंत्रबाहुली हीदेखील आपल्याकडील देवीमूर्तींवरूनच उचललेली आहे. मेरी मॉरिस यांनी तो प्रसंग विलक्षण थंडपणे केला आहे, आणि तो लहान मुलांसाठी नाही. घरी चित्रपट दाखविणाऱ्या पालकांनी तेवढी दक्षता घ्यावी.

पण नेत्र हाती आल्यावर चित्रपट त्याचे जे करतो ते मोठे आहे. अहमद त्यात पाहतो, तर दूर बगदादेत राजकन्या निळे गुलाब हुंगत आहे. त्याला सारे दिसते आणि काहीच करता येत नाही. तो चिडतो, अबूशी भांडतो. तुला बगदादेतच जायचे ना, मग जा, असे अबू रागात बोलून जातो. ती जिनाकडे मागितलेली तिसरी आणि शेवटची इच्छा ठरते. मित्र नाहीसा होतो, जिन मोकळा होऊन उडून जातो आणि पोरगा ओसाड दरीत एकटा उरतो. त्याच नेत्रात त्याला दोघांच्या वधाची तयारी दिसते. तेव्हा तो हे अमोल रत्न दगडावर आपटून फोडतो. जगातले सर्व काही दिसणारी वस्तू हातात असताना ती फेकून देणारा मुलगा! आज आमच्या घरोघरी लहानथोरांच्या हातांत जे लहानसे काचेचे यंत्र असते त्याची आठवण वाचकांस आम्ही करून द्यावी असे नाही.

नेत्र फुटतो तेव्हाच दंतकथांच्या देशाचे दार उघडते. तेथील शुभ्र दाढीचे वृद्ध, मॉर्टन सेल्टन यांनी साकारलेला त्यांचा राजा, बालहृदय परत आल्याचा त्यांचा आनंद, हा भाग थोडका आहे पण चित्रपटाचा सर्वांत उजळ भाग तोच. राजा अबूला न्यायाचे धनुष्य देतो. गालिचा मात्र अबू चोरतो, आणि चोरताना अल्लाची क्षमा मागतो. ख्रिस्ती शिक्षणाच्या वर्गात एका मुलीने आम्हांस विचारले, "फादर, सातव्या आज्ञेचे काय?" प्रश्न योग्य होता. अबूला ती आज्ञा ठाऊक आहे, म्हणूनच तो क्षमा मागतो, एवढे उत्तर आम्ही दिले. तिचे समाधान झाले नाही, आणि ते तिच्या बाजूने योग्यच होते.

अबूची भूमिका करणारा साबू हा आपल्या देशाचा. १९२४ साली म्हैसूर संस्थानातील कारापूर येथे, एका माहुताच्या घरी त्याचा जन्म झाला. रॉबर्ट फ्लाहर्टी यांच्या चमूने त्याला हेरले आणि 'एलिफंट बॉय' (१९३७) मुळे हा पोरका मुलगा जगप्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षीच्या 'द ड्रम' या चित्रपटात तो इंग्रजी राज्याच्या बाजूचा राजपुत्र झाला. त्या चित्रपटाविरुद्ध मुंबईत निदर्शने झाली आणि तो मागे घ्यावा लागला. मुंबईकरांचा राग अनाठायी नव्हता. त्या मुलाचा त्यात दोष किती, हाही विचार करावा लागतो. 'बगदाद'मध्ये मात्र त्याला कोणाचा सेवक म्हणून उभे केलेले नाही. राजा गोरा आहे, राजकन्या गोरी आहे, आणि सारे काम हा सावळा पोर करतो; प्रेक्षक पाहतो ते त्याच्याकडेच. त्याच्या अंगात असलेली मोकळीक कोणत्याही अभिनयशाळेत शिकविता येणारी नव्हे. पुढे १९४७ साली पॉवेल व प्रेसबर्गर यांच्या 'ब्लॅक नार्सिसस'मध्ये तो हिमालयातील जोगिणींच्या मठात शिकावयास येतो. युद्धात अमेरिकेच्या वायुदलातून तो लढला, त्याला शौर्यपदक मिळाले आणि १९६३ साली वयाच्या अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षी तो वारला. जिन झालेले रेक्स इन्ग्राम हे कृष्णवर्णीय अमेरिकन नट. त्यांनी चारच वर्षांपूर्वी 'द ग्रीन पास्चर्स' या चित्रपटात परमेश्वराची भूमिका केली होती. त्या काळी हॉलिवूडमध्ये त्यांच्या वर्णाच्या माणसाला परमेश्वर आणि जिन या दोन्ही भूमिका मिळत. साध्या शेजाऱ्याची मिळणे कठीण होते.

जादूच्या कथा मुलांना दाखवाव्यात का, हा प्रश्न पालक आम्हांस अनेकदा विचारतात. चित्रपटाच्या सामर्थ्याची जाणीव ख्रिस्तसभेला लवकर झाली. पोप अकरावे पायस यांनी १९३६ सालीच 'विजिलान्ती कूरा' या परिपत्रकातून त्याविषयी सावध केले होते. पण १९९५ साली, सिनेमाची शंभरी साजरी होत असता, व्हॅटिकनने पंचेचाळीस श्रेष्ठ चित्रपटांची यादी काढली तेव्हा 'द विझर्ड ऑफ ऑझ' हा जादूचाच चित्रपट तीत सन्मानाने बसला. 'बगदाद' त्या यादीत नाही. आमच्या मते तो तेथे असावयास हवा होता, निदान रंगांसाठी तरी. आणि जादूचे म्हणाल, तर ती ज्यांच्या हाती आहे त्यांना ती सुख देत नाही, हे या चित्रपटाइतके स्वच्छ फार थोड्यांनी दाखविले आहे. जाफरला मंत्र येतात, पण हवे ते मिळत नाही. जिनाला पर्वत ओलांडता येतात, पण तो स्वतः एका बाटलीचा बंदिवान. अबू मात्र पहिली इच्छा मागतो ती आईच्या हातच्या तळलेल्या सॉसेजेसची!

शेवटी अहमद सिंहासनावर बसतो आणि प्रजेपुढे भाषण सुरू करतो. अबूला आपण शिकविणार, मोठा करणार, एक दिवस वजीर करणार, असे तो मोठ्या प्रेमाने सांगतो. अबूच्या चेहऱ्यावर शाळेच्या नावाने जे भय उमटते ते जिनाचे पाऊल पाहूनही उमटले नव्हते. आमच्या सभागृहात सर्वांत मोठा हशा येथे झाला, आणि मागे उभ्या असलेल्या शिक्षकांचाही त्यात वाटा होता. राजाचे बोलणे चालूच असते. अबू गालिच्यावर उभा राहतो, खालच्या गर्दीला हात हलवून निरोप देतो आणि निळ्या शहराच्या मनोऱ्यांवरून निघून जातो. त्याच्या कडेची ती निळसर रेघ अखेरपर्यंत थरथरत असते.